घाबरवल्याशिवाय लोक जागे होत नाहीत का?

पत्राचा सारांश: गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. गावच्या वाचनालयात जमणाऱ्या आठ-दहा जणांनी मतदार जागृतीचा गट सुरू केला. गट कुठल्याच पक्षाचा नाही. व्हॉट्सॲपवर मजकूर टाकायचा, छोटे व्हिडिओ करायचे, अधूनमधून वाड्यावर बैठक घ्यायची, असं काम. ‘लोकशाही धोक्यात’, ‘ही शेवटची संधी’ अशा मजकुराला सुरुवातीला भरपूर प्रतिसाद आला. आता तो कुणी उघडूनही पाहत नाही. बैठकीला बोलवायला गेलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘मत देऊन काय उपयोग? निवडून आलेला उद्या उडी मारणारच.’ गटातल्या तरुणांचं म्हणणं, लोक झोपलेत, भीती आणखी ठळक करूया. वडीलधारे म्हणतात, चांगलं बोला, आशा दाखवा. त्यातच चवथीच्या तोंडावर या ताईंच्या एका पोस्टवरून त्यांचे धाकटे दीर घरच्या ग्रुपमधून बाहेर पडले. ते एका पक्षाचे कार्यकर्ते आहेत. मूळ घरी आरतीला शेजारी उभे राहिले, पण बोलले नाहीत. ताई विचारतात, ‘घाबरवावं की आशा दाखवावी? आणि गोड बोलायला लागले तर ते खरं लपवल्यासारखं होणार नाही का?’

ताई, नमस्कार.

तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची गुंतागुंत तिथूनच निघाली आहे असं मला वाटतं. भीती दाखवणं म्हणजे खरं बोलणं आणि आशा दाखवणं म्हणजे गोड बोलणं, अशी वाटणी तुम्ही मनाशी केली आहे. ती मला पटत नाही. ‘सगळं छान चाललंय’ हे जितकं खोटं आहे, तितकंच ‘सगळं संपलंय’ हेही खोटं आहे. दोन्ही वाक्यांचा परिणामही सारखाच होतो. ऐकणाऱ्याला करण्यासारखं काही उरत नाही.

आता तुमच्या तरुण सहकाऱ्यांचं ‘लोक झोपलेत’ हे म्हणणं. गोमंतकीय माणूस सुशेगाद, त्याला कशाचंच काही नाही, हे आपण आपल्याबद्दल इतक्यांदा ऐकलंय की आता आपणच ते बोलू लागलो आहोत. पण मतदानाचे आकडे पाहा. २०१७ च्या विधानसभेला गोव्यात ८२ टक्क्यांहून अधिक मतदान झालं. २०२२ ला ते ८० टक्क्यांच्या आसपास होतं. फेब्रुवारीच्या उन्हात रांगेत उभं राहणारी ही माणसं झोपलेली कशी म्हणायची? ती जागी आहेत आणि दुखावलेली आहेत. झोपलेल्याला हलवावं लागतं. दुखावलेल्याला हलवलं तर तो हात झटकतो. तुमच्या बैठका ओस पडण्याचं कारण मला इथे दिसतं.

दुखावण्याला कारणही तसंच आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. जानेवारी २०२२ मध्ये काँग्रेसच्याच उमेदवारांनी देवळात, क्रुसासमोर आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबर २०२२ मध्ये निवडून आलेल्या ११ पैकी ८ जण भाजपमध्ये गेले. हे एकाच पक्षाचं किंवा याच काळाचं दुखणं आहे असंही नाही. १९९० च्या दशकात गोव्याचे मुख्यमंत्री इतक्या भराभर बदलले की क्रमानं नावं सांगताना जाणकारही अडखळतात. पक्षांतरबंदीचा कायदा १९८५ पासून आहे. २००३ मध्ये त्यातली एक तृतीयांश आमदारांनी फुटण्याची मुभा काढली गेली, पण दोन तृतीयांश आमदारांच्या विलीनीकरणाची वाट उघडीच राहिली. आपल्या ४० जणांच्या विधानसभेत पक्ष लहान असतात, त्यामुळे दोन तृतीयांश जमवणं अवघड जात नाही.

असा अनुभव पदरी असलेल्या माणसाला तुम्ही ‘लोकशाही संपत चालली आहे’ असा निरोप पाठवता. तो ते वाचून दचकत नाही. मान डोलावतो. ‘मी तेच म्हणत होतो, मग मत कशाला देऊ?’ तुम्ही इशारा म्हणून लिहिलेली ओळ त्याच्या घरी बसण्याचं समर्थन होते. भीतीच्या मजकुराबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. तो निराश माणसाला आणखी निराश करतो आणि त्या निराशेवर शहाणपणाचा शिक्काही मारून देतो.

मानसशास्त्रात यावर बरंच काम झालं आहे. किम विट या अमेरिकन संशोधिकेनं १९९२ मध्ये केलेली मांडणी मला उपयोगी वाटते, कारण ती भीतीला सरसकट वाईट ठरवत नाही. धोका मोठा वाटला आणि त्यावर आपण काही करू शकतो असंही वाटलं, तर माणूस धोक्याला भिडतो. धोका मोठा वाटला, पण हातात काहीच नाही असं वाटलं, तर तो धोक्याऐवजी आपली भीतीच आवरायला लागतो. नजर फिरवतो, ‘असं काही नसतं’ म्हणतो, किंवा सांगणाऱ्यावरच चिडतो. तुमचा ग्रुप म्यूट करणारे शेजारी आणि ग्रुप सोडणारे दीर या मांडणीत मला स्पष्ट दिसतात. आपल्या किनाऱ्यावर वादळाचा इशारा येतो तेव्हा ‘भयंकर काहीतरी येतंय’ एवढंच सांगून कुणी थांबत नाही. समुद्रात जाऊ नका, होड्या वर ओढून घ्या, हे सोबत सांगितलं जातं. तुमच्या मजकुरात पहिलं वाक्य आहे, दुसरं नाही.

इथे आपल्याच इतिहासात थोडं मागे जाऊया, कारण भीती आणि आशा यांचा एवढा मोठा सामना गोव्यानं एकदा पाहिला आहे. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल. महाराष्ट्रात विलीनीकरण हवं असेल तर फूल, संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळं राहायचं असेल तर दोन पानं. आपल्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या आजोबांनी फुलाला मत दिलं होतं आणि कितीतरी जणांच्या आज्यांनी पानांना. दोन्ही बाजूंनी भीती होती. विलीनीकरणवाल्यांना धास्ती होती की वेगळा गोवा म्हणजे पुन्हा भाटकारांचं, म्हणजे जमीनदारांचं राज्य. कूळ, मुंडकार (भाटकाराच्या जागेत घर करून राहणारे), बहुजन समाज तसाच दबून राहील. विरोधकांना धास्ती होती की गोवा एका मोठ्या राज्याच्या कोपऱ्यातला जिल्हा होऊन बसेल. नोकऱ्या बाहेरच्यांना जातील आणि कोकणी पुसली जाईल. दोन्ही धास्ती खऱ्या होत्या. कुणी वेडेपणानं घाबरलेलं नव्हतं.

तरीही नुसत्या धास्तीवर तो कौल लढला गेला नाही. गायक उल्हास बुयांव गावोगाव जाऊन गात होते, आणि त्या गाण्यांत गोव्यावरचं प्रेम होतं. विलीनीकरणाच्या विरोधात ‘राष्ट्रमत’ हे दैनिक निघालं तेही मराठीत, कारण ज्यांची मनं वळवायची होती ते मराठी वाचत होते. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. समोरचा ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत, त्याचा मान राखून त्याच्याशी बोलण्याचे कष्ट त्या लोकांनी घेतले. तुमच्या गटातल्या किती पोस्ट दुसऱ्या बाजूच्या माणसानं वाचाव्यात म्हणून लिहिलेल्या आहेत? मला शंका आहे की बहुतेक सगळ्या आपल्याच माणसांनी ‘बरोबर’ म्हणावं म्हणून लिहिलेल्या असतील.

निकाल लागला. संघप्रदेशाच्या बाजूनं १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाच्या बाजूनं १,३८,१७०. फरक ३४,०२१ मतांचा. याच्या पुढचा भाग आपण अनेकदा विसरतो. कौल निष्पक्ष व्हावा म्हणून भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं आधीच राजीनामा दिलेला होता. विलीनीकरण हा त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्षाचा मुख्य आग्रह होता आणि तो लोकांनी नाकारला. पण मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली तेव्हा याच मतदारांनी ३० पैकी १६ जागा मगोला देऊन भाऊसाहेबांनाच पुन्हा मुख्यमंत्री केलं. पानांना मत देणाऱ्यांपैकी काहींनी अडीच महिन्यांत सिंहालाही, म्हणजे मगोच्या चिन्हालाही, मत दिलं असेल. एका प्रश्नावर आपल्या विरोधात गेलेला माणूस सगळ्याच प्रश्नांवर आपला विरोधक नसतो. ‘ते’ आणि ‘आपण’ अशी कायमची भिंत भीतीचा मजकूर उभी करतो. मतदार मात्र आपल्या मनात तशी भिंत बांधत नाही.

हरलेल्यांनी तो निकाल मानला आणि हरलेल्यांचं सरकारही लोकांनी मानलं. लोकशाही वाचवायची म्हणजे काय वाचवायचं, असं मला कुणी विचारलं तर मी ही तीन महिन्यांची गोष्ट सांगेन.

याची दुसरी बाजू १९८६ ची आहे. राजभाषेच्या वादात कोकणीवाल्यांना सांगितलं जात होतं की मराठी तुम्हाला गिळेल. मराठीवाल्यांना सांगितलं जात होतं की गोव्यातून मराठी हद्दपार होईल. डिसेंबरमध्ये रस्ते पेटले, माणसांचे जीव गेले, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी एकमेकांना परके झाले. ४ फेब्रुवारी १९८७ ला राजभाषा कायदा संमत झाला. देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापरालाही जागा ठेवली गेली. ३० मेला गोवा राज्य झालं. त्या कायद्यावर आजही दोन्हीकडे नाराजी आहे आणि ती मांडण्याचा सर्वांना हक्क आहे. पण कुठलीच भाषा पुसली गेली नाही. पुसली जाईल या भीतीपायी गेलेली माणसं मात्र परत आली नाहीत. भीतीनं माणूस उठतो हे तुमच्या तरुणांचं म्हणणं खरं आहे. उठलेला माणूस कुणाच्या अंगावर जाईल, हे मात्र त्याला उठवणाऱ्याच्या हातात राहत नाही. हे त्यांना शांतपणे सांगा. त्यांच्यातल्या कुणी ते दिवस पाहिलेले नाहीत.

मग वडीलधाऱ्यांचं बरोबर का? अर्धंच. नुसती फुलं, सूर्योदय आणि ‘चला, सर्व मिळून’ असा मजकूर कुणाच्याही मनात रुजत नाही. जगात याचं चांगलं उदाहरण चिलीचं आहे. १९७३ पासून सत्ता बळकावून बसलेल्या पिनोशे या लष्करशहाला आणखी आठ वर्षं द्यायची का, यावर ५ ऑक्टोबर १९८८ ला तिथे सार्वमत झालं. विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री उशिरा १५ मिनिटं मिळाली, २७ दिवस. छळ आणि बेपत्ता माणसं एवढंच दाखवावं असं अनेकांना वाटत होतं. ते अगदी साहजिक होतं, त्यांच्या घरची माणसं गेली होती. शेवटी प्रचाराचं चिन्ह इंद्रधनुष्य ठरलं आणि घोषणा ठरली, ‘आनंद येतो आहे’. पण त्या १५ मिनिटांत बेपत्ता झालेल्यांच्या घरच्या स्त्रियाही आल्या. जोडीनं करायचा राष्ट्रीय नाच त्या एकट्यानं नाचल्या. दुःख लपवलं नाही, फक्त प्रेक्षकाला त्या दुःखापाशी सोडून दिलं नाही. सुमारे ५६ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटलं. हे जाहिरातीनं जिंकलं असं समजू नका. त्याआधी महिनोन्‌महिने कार्यकर्ते लोकांची नावं मतदारयादीत घालत फिरत होते आणि मतमोजणीच्या रात्री त्यांनी आपली स्वतंत्र बेरीजही केली.

अशी सत्याला धरून असलेली आशा गोव्यातही सापडते, शोधावी मात्र लागते. २०१९ मध्ये पक्ष सोडलेल्या त्या १० आमदारांपैकी बहुतेकांना २०२२ नंतर विधानसभेत परतता आलं नाही. मतदारांनी हिशेब चुकता केला. हे तुमच्या गटानं कधी ठळकपणे सांगितलं आहे का? सांगताना पुढचंही सांगा, की त्याच वर्षी आणखी ८ जण गेले. दोन्ही सांगितल्यावर जो प्रश्न उरतो तो खरा प्रश्न आहे: आमदार निवडल्यानंतरच्या पाच वर्षांत त्याच्याकडे जाब कसा मागायचा?

दुसरं उदाहरण ‘प्रादेशिक आराखडा २०११’ चं, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणाऱ्या सरकारी आराखड्याचं. २००६ मध्ये तो आला तेव्हा लोक घाबरले, आणि घाबरायलाच हवं होतं. पण त्या भीतीला नकाशा होता. कुठल्या गावातली कुठली शेतं, कुठले डोंगर वसाहतीसाठी खुले होणार, हे बोट ठेवून दाखवता येत होतं. करायचं काय हेही ठरलेलं होतं: नकाशा पाहा, गावात चर्चा करा, पणजीला आझाद मैदानावर या. गोवा बचाव अभियानाखाली वेगवेगळ्या पक्षांना मत देणारे लोक एकत्र आले आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला तो आराखडा मागे घ्यावा लागला.

यातून तुमच्या गटासाठी मला काय सुचतं ते सांगते. तुमच्यासारखे गट आता बऱ्याच गावांत आहेत, त्यांनाही हे लागू पडेल.

‘लोकशाही धोक्यात’ हे शब्द काही महिने बाजूला ठेवा. त्याऐवजी नेमकी गोष्ट सांगा. ‘गेल्या ग्रामसभेत अमुक जमिनीच्या रूपांतराचा विषय निघाला तेव्हा आपल्या वाड्यावरचे इतकेच लोक हजर होते’ ही ओळ कुठल्याही काळ्या पडद्याच्या व्हिडिओपेक्षा जास्त बोलते. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा आहे. त्यानुसार गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येकजण ग्रामसभेचा सदस्य असतो. त्याला तिथे पंचांना आणि सरपंचांना प्रश्न विचारता येतो. बऱ्याच तरुणांना हे ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, ग्रामसभा पंचांची. पुढच्या सभेची तारीख आणि विषयपत्रिका ग्रुपवर टाका, आणि सभेनंतर काय ठरलं तेही टाका. न रंगवता.

मतदारयादीचं काम हाती घ्या. नवीन नावासाठी नमुना ६, दुरुस्ती किंवा पत्ता बदलण्यासाठी नमुना ८, नाव वगळण्यासाठी किंवा एखाद्या नावावर हरकत घेण्यासाठी नमुना ७. अठरा पूर्ण होण्याच्या आता वर्षाला चार तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यामुळे वाड्यावरच्या मुलामुलींना वर्षभर थांबावं लागत नाही. अडलं तर १९५० वर फोन. सासरी आलेल्या सुना आणि भाड्यानं राहणारी कुटुंबं या यादीतून हमखास सुटतात, त्यांच्याकडे आधी जा. ज्यांचं मत तुमच्या विरोधात जाईल अशी तुमची खात्री आहे, त्यांचंही नाव यादीत नीट आहे ना हे पाहा. तुमच्या गटाची परीक्षा इथे आहे. ते घर तुम्ही टाळलंत, तर तुम्ही आपल्या पक्षासाठी काम करत होतात असा त्याचा अर्थ होईल.

भीती दाखवायची वेळ येईलच, त्याला माझी ना नाही. कुणाची नावं यादीतून उडाली, ग्रामसभेत कुणाला बोलू दिलं नाही, एखाद्याला प्रश्न विचारला म्हणून धमकी आली, तर ते स्पष्ट शब्दांत, तारखेसह आणि कागदासह सांगा. कागद नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर देणं त्या कार्यालयावर बंधनकारक आहे. आणि अशा प्रत्येक मजकुराखाली एक ओळ असू द्या: आता काय करायचं, कुठे जायचं, कुणाला भेटायचं. ती ओळ सुचत नसेल तर मजकूर एक दिवस थांबवा आणि गटात बसून ती शोधा. तरुण आणि वडीलधारे दोघांनाही हा एक नियम पाळता येईल. तरुणांना नेमका धोका शोधायला लावा, ते त्यात हुशार आहेत. पुढची ओळ वडीलधाऱ्यांना लिहू द्या. तलाठी कुठे बसतो आणि मामलेदार कचेरीत कुठल्या खिडकीवर काम होतं, हे त्यांना माहीत असतं.

राहिले तुमचे दीर. ती पोस्ट काय होती ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण ‘अंधभक्त’, ‘विकले गेलेले’ किंवा तसल्या प्रकारचा शब्द तीत असेल तर तेवढ्यापुरती माफी मागा. मताबद्दल मागू नका. फोनवर मागा, ग्रुपवर नको. ग्रुपवर मागितलेली माफी सगळ्या नातेवाइकांसमोरचा तमाशा होते आणि समोरच्याला मग ताठच राहावं लागतं. पक्षाचं काम करणाऱ्या माणसाला राजकारणाची तुमच्याइतकीच आच असते, हे विसरू नका. तोही कुठल्यातरी धास्तीपोटी धावतो आहे. ती कुठली, हे त्यांना विचारा, आणि उत्तर येईल तेव्हा खोडायला जाऊ नका. तुमची धास्ती त्यांना पुढच्या वेळी सांगता येईल.

पक्षांतराबद्दल त्यांनाही चीड असेल असा माझा अंदाज आहे. कार्यकर्ता पाच वर्षं राबतो आणि ऐनवेळी बाहेरून आलेल्याला उमेदवारी मिळते, हे सगळ्याच पक्षांत होतं. तिथे तुम्ही दोघं एका बाजूला आहात. पुढच्या ग्रामसभेला सोबत याल का, असं त्यांना विचारा. नाही म्हणाले तर तुम्ही जा, आणि सभेत काय झालं ते संध्याकाळी फोन करून त्यांना सांगा. त्यांच्या वाड्यावरच्या रस्त्याचा किंवा पाण्याचा विषय निघाला असेल तर तो आधी.